पेटीतलं पिल्लू का रडतं?



दिवाळी आटोपली, कपाशीचा वेचा सुरू झाला, सकाळी अंगावर स्वेटर चढला, की आपल्या गावात एक नवी वर्दळ दिसू लागते. कुटाराच्या ढिगाआड, बंद पडलेल्या ट्रॅक्टरखाली, समाजमंदिराच्या पायरीशी कुत्र्याची चिमुकली पिल्लं वळवळत असतात. गावकुत्र्यांना पिल्लं पुष्कळदा याच दिवसांत होतात. शाळा सुटली की तुमची पावलं आपोआप तिकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. डब्यातली उरलेली पोळी कुठं जाते, तेही ठाऊक आहे!

मग एके दिवशी कुणीतरी एखादं पिल्लू शर्टात लपवून घरी आणतं. दिवसभर त्याचं कौतुक होतं. नाव ठेवलं जातं. रात्र झाली की संत्र्याची रिकामी पेटी शोधतात, नाहीतर भाजीचं कॅरेट. त्यात एक पोतं टाकतात, पिल्लू ठेवतात, वरून पाट झाकतात आणि दिवा मालवतात. पाच मिनिटंही होत नाहीत, तोच रडणं सुरू. आधी कुईं कुईं, मग मोठ्यानं, मग गळा काढून. घरातलं बाळ जागं होतं. शेजारचे काका खिडकीतून खाकरतात. दिवसभर शेतात राबून आलेले बाबा कूस बदलतात.

पहिली रात्र सगळे सहन करतात. दुसरी रात्रही कशीबशी निघते. तिसऱ्या रात्री कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "उद्या याला दूर नेऊन सोडा!" आणि दुसऱ्या दिवशी थैलीत बसून ते पिल्लू आठवडी बाजाराच्या कडेला, नाहीतर हायवेवरच्या ढाब्यापाशी पोचतं. दोन महिन्यांचं पिल्लू, आई जवळ नाही, बाजूनं ट्रक धावताहेत. पुढं काय होत असेल, ते तुम्हीच विचार करा.

म्हणून आज पेटीबद्दल बोलायचं आहे. विषय लहान वाटेल. पण पिल्लाला घर लाभणार की रस्ता, हे पुष्कळदा या पहिल्या आठ-दहा रात्रींतच ठरतं.

रडणं म्हणजे हट्ट नव्हे

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. डोळे उघडायला साधारण दोन आठवडे लागतात, कानांना त्याहून थोडं जास्त. तोवर त्याचं जग एवढंच : आईचा वास, आईची ऊब आणि भावंडांचा ढीग. थंडीत पिल्लं एकमेकांच्या अंगावर कशी रचून झोपतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. ते काही प्रेमाचं नाटक नाही. अगदी लहान पिल्लाला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही, म्हणून ती एकमेकांना ऊब देतात.

अशा ढिगातून एखादं पिल्लू बाहेर घरंगळलं तर ते काय करतं? ओरडतं. आई येते, तोंडात धरून त्याला परत आणते. जे पिल्लू गप्प राहिलं, ते थंडीत तसंच पडून राहिलं. म्हणजे एकटं पडल्यावर ओरडणं हा पिल्लाचा जीव वाचवण्याचा उपाय आहे. तुमच्या पेटीतलं पिल्लूही तेच करत असतं. "मी इथं एकटं आहे, मला घेऊन जा," एवढंच त्याला सांगायचं असतं. त्याला हट्टी, लबाड, नाटकी म्हणणं बरोबर नाही.

आमच्या शाळेत चौथीत एक मुलगी आहे. गेल्या थंडीत तिनं एक पिल्लू आणलं. मादी होती म्हणून ते कुणी घेत नव्हतं. रंगानं मातकट, म्हणून नाव भुरी. भुरीनंही तीन रात्री घर डोक्यावर घेतलं. तिच्या बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेतात रात्रीची लाईन, हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं, त्याआधी दोन तास तरी डोळा लागायला नको का? भुरीला सोडून यायचं ठरत होतं. तेव्हा आजी मध्ये पडली. नातीला म्हणाली, "तुले पयल्या दिवशी शाळेत टाकलं, तवा तूबी लय रडली होती. मंग तुले काय बाजारात सोडून आलो का आमी?"

आजीचं हे बोलणं मला फार आवडलं, कारण पहिलीचा वर्ग मी अनेक वर्षं पाहिला आहे. जूनअखेरीस शाळा उघडते. नवं दप्तर, नवा गणवेश, आणि डोळ्यांत गंगा-यमुना. अशा पोराला आत ढकलून दार लावलं, तर ते दाराला चिकटून रडतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढलं की लपून बसतं. पण दार उघडं ठेवलं, आईला थोडा वेळ व्हरांड्यात बसू दिलं, हातात खडू दिला, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ते आईला स्वतःच सांगतं, "तू जा घरी!" पिल्लाचं आणि पेटीचं गणित असंच आहे. दार सगळ्यात शेवटी लावायचं.

आपल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे

परदेशात पाळीव कुत्र्यांना असं पेटीत राहायला शिकवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. जाळीदार किंवा प्लास्टिकची ती पेटी 'क्रेट' नावानं आता आपल्याकडच्या शहरी दुकानांतही मिळते. पण त्यामागची युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या वर्धा जिल्ह्याची शान म्हणजे गवळाऊ जातीची गुरं. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतला गवळाऊ गोऱ्हा पांढराशुभ्र, चपळ आणि तापट. त्याला कामाला लावताना जाणता शेतकरी पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपत नाही. आधी अंगावरून हात फिरवून माणसाची सवय लावतो. मग दावं, कासरा अंगवळणी पाडतो. मग शिकलेल्या जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो, तेही रिकाम्या बंडीला. गोऱ्हा बुजला की एक पाऊल मागे. घाई केली तर गोऱ्हा आयुष्यभर बुजरा राहतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या घरी बैल सजतात, त्यांनी घरी विचारून पाहा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवणाऱ्यांनीही विचारायला हरकत नाही!

पिल्लू केव्हा आणायचं?

अमेरिकेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षं कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झालं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं, असं त्यांना आढळलं. या काळात ज्यांच्याशी दोस्ती होते, ते पुढं आपले वाटतात. ज्याची भीती बसते, ती सहज जात नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, पिल्लाला दोन महिने पूर्ण होईपर्यंत आईपासून तोडू नये. चावा किती जोरात घ्यायचा, खेळ कुठं थांबवायचा, हे आई आणि भावंडंच त्याला शिकवतात. तोवर तुम्हाला काही करायचंच असेल, तर मोठ्यांना सोबत घेऊन लांबूनच आईला खायला ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे, दोन ते तीन महिन्यांच्या वयात पेटीची धास्ती बसली, तर ती काढणं कठीण जातं. म्हणून सुरुवातीलाच सांभाळायचं.

पेटी कशी हवी?

पिल्लू आत उभं राहिलं पाहिजे, गोल फिरलं पाहिजे आणि पाय पसरून झोपलं पाहिजे. एवढी जागा हवीच. पण सुरुवातीला फार मोठीही नको. कुत्रा आपल्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. पेटी फार ऐसपैस असली, तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू, असं होतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला आडवं ठेवलेलं प्लास्टिकचं कॅरेट पुरतं. सुताराकडून पेटी करून घेणार असाल, तर साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच करून घ्या. आपला गावठी कुत्रा मोठा झाल्यावरही तीत मावतो. तोवर मध्ये एक फळी घालून जागा लहान करायची आणि पिल्लू वाढेल तशी फळी सरकवायची.

हवा तिन्ही बाजूंनी खेळली पाहिजे. खिळे, तारेची टोकं आत आलेली नकोत. पत्र्याची पेटी तर मुळीच नको. आत जुनी गोधडी नाहीतर सुती लुगड्याची घडी घाला. पिल्लू आणण्याच्या दोन दिवस आधी फडक्याचा एक तुकडा त्याच्या आईच्या झोपायच्या जागी टाकता आला, तर उत्तमच. आईचा वास लागलेलं ते फडकं पिल्लाला फार धीर देतं. थंडी असेल तर बाटलीत कोमट पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा.

पेटी कुठं ठेवायची? जिथं घरातली माणसं बसतात तिथं. गोठ्यात, जिन्याखाली, अंगणाच्या कोपऱ्यात नको. एकटेपणालाच जे घाबरतं, त्याला एकटं ठेवून कसं चालेल?

आठ पायऱ्या

आता खरा अभ्यास. एकेक पायरी जमल्याशिवाय पुढची चढायची नाही. कुणाला आठ दिवस लागतील, कुणाला महिना.

१. पेटीचं दार काढून ठेवा किंवा दोरीनं मागे बांधून टाका. पिल्लाला आत ढकलू नका, बोलावूही नका. त्याला हुंगू द्या.

२. पेटीच्या तोंडाशी भाकरीचा कुटका नाहीतर उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा ठेवा. मग थोडा आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. पिल्लू आत गेलं, खाऊन बाहेर आलं, तर येऊ द्या. बाहेर येता येतं, हे कळलं की आत जायची भीती उरत नाही.

३. आत जाताना एकच शब्द दर वेळी म्हणा. "घरात!" किंवा "पेटीत!" घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा.

४. रोजचं जेवण पेटीत द्या. रशियातल्या इव्हान पावलॉव्ह या शास्त्रज्ञाचं नाव वरच्या वर्गांत तुम्ही वाचाल. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. खाणं येण्याआधी दर वेळी ठरावीक खूण मिळाली, तर पुढं नुसत्या त्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या पिल्लासाठी पेटी हीच ती खूण झाली पाहिजे. पेटी दिसली की त्याला जेवण आठवावं, कैद आठवू नये.

५. पिल्लू जेवत असताना दार हळूच ओढून घ्या. वाटी चाटून संपायच्या आत उघडा.

६. जेवणानंतर दार एक मिनिट बंद. तुम्ही शेजारीच बसा. मग दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याच्याकडे टक लावून पाहू नका. तुमचा धडा मोठ्यानं वाचा. आवाज ऐकून पिल्लू निवांत होतं आणि तुमचंही वाचन होतं.

७. आता खोलीबाहेर जा. बाहेर उभं राहून दोनचा पाढा म्हणा आणि परत या. मग पाचचा. मग बारापर्यंतचे सगळे. गाजावाजा न करता जायचं आणि गाजावाजा न करता यायचं.

८. अर्धा तास शांत राहायला लागलं, की खेळून दमल्यावर, शी-शू झाल्यावर, झोपेच्या वेळी पेटीत ठेवा. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तासही झोपतं. पेटी ही त्या झोपेची जागा.

भुरीच्या मालकिणीला मी एक नोंदवही करायला सांगितली होती. तिच्या परवानगीनं त्यातल्या काही ओळी देतो :

"पहिला दिवस. दार नाही. भुरी तीनदा आत गेली. एकदा गोधडी ओढून बाहेर आणली."

"चौथा दिवस. जेवताना दार लावलं. तिला कळलंच नाही."

"सहावा दिवस. पाच मिनिटं जमलं म्हणून भावानं वीस मिनिटं केली. खूप रडली. पुन्हा दोन मिनिटांवर आलो."

"अकरावा दिवस. सातचा पाढा होईपर्यंत गप्प. मला आठचा येत नव्हता म्हणून परत आले."

"सोळावा दिवस. दुपारी शोधत होतो. स्वतःच पेटीत जाऊन झोपली होती. दार उघडंच होतं."

ही शेवटची ओळ म्हणजे परीक्षेचा निकाल समजा! दार उघडं असताना पिल्लू आपणहून आत गेलं, की पेटी त्याचं घर झाली. भुरी अजून त्याच घरी आहे.

आणि रात्री?

शिकवणी दिवसा चालेल, पण रात्र तर पहिल्याच दिवशी येते. त्याचा उपाय सोपा आहे. सुरुवातीच्या रात्री पेटी तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. पेटीला अजून दार लावायचं नाही. उंच कडांचं खोकं किंवा वरून उघडं कॅरेट चालेल. पिल्लू कुरकुरलं तर हात खाली सोडा. बोटांचा वास आला की ते निजतं. आठवड्याभरानं पेटी रोज हातभर दूर सरकवत न्या.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून जास्त वेळ लघवी धरवत नाही. म्हणून निजण्याआधी एकदा आणि मध्यरात्री एकदा मोठ्या माणसानं त्याला बाहेर न्यावं. दिवा नाही, खेळ नाही, बोलणं नाही. काम झालं की परत अंथरुणात. रात्री ओलिताला उठणाऱ्या घरात तर हे सहज जमतं.

रडण्याची भाषा ओळखा

सगळं रडणं सारखं नसतं. झोपेतून उठून, इकडे तिकडे हुंगत, अस्वस्थ होऊन कुरकुरलं, तर बहुधा शू आली आहे. लगेच बाहेर न्या. अंग आक्रसून, थरथरत रडलं, तर थंडी वाजते आहे किंवा बरं नाही. थोडं कुरकुरून, उसासा टाकून पडून राहिलं, तर काही करू नका. ते झोपेच्या वाटेवर आहे.

पण तोंडातून लाळ गळते आहे, उकाडा नसताना धापा टाकतं आहे, दार चावतं, नखांतून रक्त येईस्तोवर ओरबाडतं, पेटीतच घाण करतं, तर ती खरी घाबरगुंडी आहे. "रडू दे, दमून गप्प बसेल," असं अशा वेळी मुळीच म्हणू नये. ते गप्प बसेलही, पण आपलं ऐकायला कुणी येत नाही एवढंच ते शिकेल. दार उघडा, त्याला शांत होऊ द्या आणि दोन पायऱ्या खाली उतरा. पुन्हा पुन्हा असं झालं तर पेटीचा नाद सोडा. एका खोलीच्या कोपऱ्यात आडोसा करून गोधडी टाका. पेटी पिल्लासाठी आहे, पिल्लू पेटीसाठी नाही.

आणखी दोन नियम. चप्पल कुरतडली म्हणून शिक्षा करायला त्याला पेटीत टाकायचं नाही. कोंडवाडा झाला की पेटीचं घर मोडलं. आणि पिल्लू पेटीत झोपलेलं असताना कुणीही हात, काठी, डोकं आत घालायचं नाही. लहान भावंडांना हे आधी शिकवा.

लायकाची गोष्ट

पेटीत शांत बसायला शिकलेल्या एका कुत्रीचं नाव जगभर माहीत आहे. लायका! मॉस्कोच्या रस्त्यावरची ती बेवारस कुत्री. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अंतराळात पाठवायला तिला निवडलं. यानातली जागा अगदी तोकडी, म्हणून या कुत्र्यांना आधी मोठ्या, मग त्याहून लहान, मग आणखी लहान पिंजऱ्यात अनेक दिवस ठेवून सवय लावली गेली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून लायका पृथ्वीभोवती फिरली. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. ती काही दिवस जगली, असं लोकांना बरीच वर्षं वाटत होतं. २००२ साली खरी हकिगत बाहेर आली : यानातली उष्णता वाढून लायका काही तासांतच मेली होती.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. शिकलेला, शहाणा कुत्रा गप्प बसतो, म्हणजे तो सुखात असतोच असं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आपल्या वर्ध्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. टिनाच्या छपराखाली, बंद खोलीत, उन्हात उभ्या गाडीत पेटी म्हणजे भट्टीच. उन्हाळ्यात पेटीचं दार उघडंच ठेवा, ती माठाजवळ गारव्याला हलवा, पाण्याची वाटी कधी रिकामी होऊ देऊ नका. जीभ लांब लोंबते आहे, हिरड्या लालभडक झाल्या आहेत, तोल जातो आहे, असं दिसलं तर ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

थंडीतसुद्धा दिवसा पिल्लाला सलग तास-दीड तासाहून जास्त कोंडू नये. शाळा आणि शेत यांत घर दिवसभर रिकामं राहत असेल, तर पेटी हा उपाय नव्हे. शेजारच्या आजी-आजोबांशी आधी बोलून ठेवा. तेही जमत नसेल, तर पिल्लू आणूच नका. स्वीडनसारख्या देशात तर कुत्र्याला घरात नेहमी पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. आपल्याकडेही १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं किंवा फार आखूड साखळीनं त्याला अवाजवी वेळ बांधणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे.

मग पेटी शिकवायची कशाला?

कारण ती पुढं जन्मभर कामी येते. दवाखान्यात न्यायचं, ऑपरेशननंतर निजवून ठेवायचं, पाहुण्यांच्या गर्दीत बाजूला बसवायचं, तर पेटीची सवय झालेला कुत्रा घाबरत नाही. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन जंक्शनं आपल्या जवळ आहेत. रेल्वेनं कुत्रा न्यायचा, तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एरवी त्याला गार्डच्या डब्यातल्या श्वानपेटीतून जावं लागतं. (गार्डना २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.) आयुष्यात पहिल्यांदाच पेटी पाहणारा कुत्रा त्या खडखडाटात काय करत असेल, कल्पना करा.

आणि सेलू तालुक्यात बोरच्या जंगलालगत राहणाऱ्या मुलांना वेगळं सांगायला नकोच. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. अंगणात साखळीला बांधलेलं पिल्लू पळूही शकत नाही. अशा गावात रात्री घरात, पेटीत निजणारं पिल्लू सकाळी दिसतं.

पालकांसाठी चार ओळी

पालकहो, पिल्लू घरी आलं की पहिल्या दोन दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध लगेच सुरू होतं. पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतरानं आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी, मग वर्षानं पुन्हा, डॉक्टर सांगतील तशी द्यायची. मादी असेल तर "पुढं पिल्लांचं काय?" म्हणून तिला टाकू नका. नसबंदीचं ऑपरेशन होतं. केव्हा करायचं, ते डॉक्टरांना विचारा.

पिल्लू लहान आहे म्हणून त्याचा दात किंवा नख लागलेलं दुर्लक्षित करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. आणि मुलांनो, मार बसेल म्हणून ओरखडा लपवू नका. घरच्यांनीही "सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणावं.

जखमी, पोरकं पिल्लू सापडलं आणि सांभाळणं शक्य नसेल, तर वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आहे. तिथं विचारता येईल.

करून पाहा

ज्यांच्या घरी पिल्लू आहे, त्यांनी भुरीसारखी नोंदवही घाला. तारीख, किती मिनिटं पेटीत, रडलं की नाही, रडलं तर कोणतं रडणं, असे चार रकाने आखा. पंधरा दिवसांनी मिनिटांचा स्तंभालेख काढा. गणिताच्या वहीतच काढलात तरी चालेल.

ज्यांच्या घरी पिल्लू नाही, त्यांनी गल्लीतल्या आईला आणि तिच्या पिल्लांना दहा पावलांवरून, त्याहून जवळ न जाता, रोज पंधरा मिनिटं पाहा. आई उठून गेल्यावर कोणतं पिल्लू आधी ओरडतं? आई किती वेळानं परत येते? ती आल्यावर सगळ्यात आधी कुणाला चाटते? आठ दिवस लिहून ठेवा. मग कुणी पिल्लाला हट्टी म्हणालं, तर वही उघडून दाखवा.